अनभिष्वंग: माझं एक आणि वर्गातली छत्तीस

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 13, श्लोक 9. काही प्रतींत हा दहावा दिसेल, कारण त्यांत अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न जास्तीचा धरलेला असतो. गोंधळू नका, श्लोक तोच.

अमानित्वापासून सुरू झालेली ही यादी आपण गेले दोन दिवस वाचतोय. भगवंत हे सगळे गुण सांगतात आणि शेवटी म्हणतात, यालाच ज्ञान म्हणायचं. आज जी पायरी आली आहे तिथे आपल्यातले बरेच जण थबकतात. मुलं, जोडीदार, घर यांच्यात आसक्ती नको, अभिष्वंग नको, आणि मनासारखं घडो वा मनाविरुद्ध, चित्त सम असू दे. ज्यांचं लग्न व्हायचंय ते म्हणतात, आमचा प्रश्नच नाही. आणि ज्यांच्या घरी नुकतं बाळ आलंय ते चिडतात. मागे एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं होतं, ‘मुलांवर प्रेम करू नका असं सांगणारं शास्त्र मी का वाचू?’

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला आज मी तुम्हाला हिमालयात नेत नाही. प्राथमिक शाळेच्या एका वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेते. मी यंदा दुसरीच्या वर्गाची पालक प्रतिनिधी आहे, आणि माझं मत असं झालंय की हा श्लोक समजून घ्यायला याहून चांगली जागा शहरात मिळणं कठीण.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिली पालकसभा होते. बाई विचारतात, ‘या वर्षी प्रतिनिधी कोण होणार?’ आणि सगळ्यांना अचानक आपापल्या फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागतं. शेवटी कुणीतरी हो म्हणतं. मग वर्षभर बाईंचे निरोप पालकांपर्यंत आणि पालकांच्या शंका बाईंपर्यंत पोचवायच्या, शिक्षक दिनाची वर्गणी गोळा करायची, सहलीची संमतीपत्रं आली की नाही बघायचं, स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने आणायचे, आणि रात्री साडेदहाला ‘उद्या युनिफॉर्म की पीटी ड्रेस?’ याचं उत्तर द्यायचं. कायद्यात पालकांच्या सहभागाच्या समित्या आहेतच. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत जी व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात किमान पाऊण सदस्य पालकच असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पण वर्गाची प्रतिनिधी ही त्यातली नव्हे. तिला कुठला अधिकार नाही, सहीशिक्का नाही. तिच्याकडे दोनच गोष्टी असतात: माहिती, आणि बाईंशी बोलण्याची सोय.

आणि सगळी गंमत या दोन गोष्टींत आहे.

असं काही सेवेचं काम घेतलं की लोक लगेच निष्काम कर्म आठवून देतात. ‘फळाची अपेक्षा न करता करत राहा गं.’ मला हे जरा स्वस्तातलं वाटतं. प्रतिनिधीला पगार नाही, मान म्हणावा तर तोही नाही. शाळा सुटल्यावर गेटवर ज्यांची स्कूटर आपल्याला बघून हळू होते, ते वर्गणीची आठवण होईल म्हणून पुन्हा वेगही घेतात. तेव्हा त्या अर्थाचं फळ सोडणं सोपं आहे, ते मुळात झाडावर नाहीच. खरं फळ वेगळं असतं आणि ते फार गोड असतं. बाई माझ्या मुलाला नावाने ओळखतात. त्याच्या वहीत जरा जास्त लक्ष जातं, किंवा जातं असं मला वाटतं. कार्यक्रमात तो कुठे उभा राहणार हे मला दोन दिवस आधी कळतं. हे फळ ‘माझं’ नाहीच, ‘त्याचं’ आहे, म्हणून ते घेताना स्वार्थ वाटतच नाही. इथे दुसरा अध्याय पुरत नाही. इथे तेरावाच लागतो.

श्लोकात दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, असक्ति आणि अनभिष्वंग. दोन्हींचं मराठी आपण ‘आसक्ती नसणं’ असं करून मोकळे होतो. पण शंकराचार्य भाष्यात त्यांना वेगळं करतात. आसक्ती म्हणजे आवड, ओढ. अभिष्वंग ही त्यातली एक खास जात: दुसरा आणि मी वेगळे आहोत हेच विसरणं. तो सुखी झाला की मीच सुखी, तो दुःखी की मीच दुःखी, तो जगला तर मी जगलो. म्हणजे आचार्य प्रेमावर बोट ठेवत नाहीत. आपण मुलाच्या जागी स्वतःला बसवतो, त्यावर ठेवतात.

आता जरा आपला फोन उघडून बघा. वर्गातल्या आयांची नावं कशी सेव्ह केली आहेत? अमुक मम्मी, तमुक मम्मी 2 ब. माझ्याकडे अशा तीसएक बायका आहेत. त्यांच्यात डॉक्टर असतील, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या असतील, एखादी उत्तम गाणारी असेल. मला त्यांचं स्वतःचं नावच माहीत नाही. अभिष्वंग समजावून सांगायला आचार्यांना आज याहून सोपं उदाहरण मिळालं नसतं.

माउलींनी ज्ञानेश्वरीत याच जागी जे दाखले दिले आहेत ते मला फार आवडतात. वाटसरू मुक्कामाच्या घरात जसा राहतो, वाट चालताना एखाद्या झाडाची सावली जशी मिळते, तसं ज्ञानी माणसाचं देहाशी आणि घराशी नातं. आणि मुलांबद्दल ते म्हणतात, ती जणू वस्तीला आलेले पाहुणे, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं. पोटच्या पोराला गुरं म्हणायचं? पण झाडाच्या बाजूने बघा. झाड सावली देतं. पूर्ण देतं, हात आखडून नाही. फक्त खाली बसलेलं वासरू कुणाच्या गोठ्यातलं हे विचारत नाही, आणि त्या वासराच्या धष्टपुष्टपणावरून स्वतःची उंची मोजत नाही. हा माझा अर्थ आहे, माउलींच्या माथी मारत नाही. पण वर्गाचं काम करताना मला हेच झाड उपयोगी पडतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगते, कारण तिच्यातला प्रश्न मला अजून सोडत नाही.

प्रतिनिधीचं वर्षातलं पहिलं मोठं काम बहुतेक ठिकाणी आषाढीची दिंडी असतं. शाळा सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात. एकादशीच्या आदल्या दिवशी मुलं धोतर-टोपी, नऊवारी नेसून, डोक्यावर तुळस घेऊन शाळेभोवती फेरी मारतात. सगळे वारकरी, आणि एक विठ्ठल, एक रखुमाई. या दोन जागांसाठी आईबाप किती हळवे होतात हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गात नऊ मुलींची नावं रखुमाईसाठी आली. बाईंनी प्रतिनिधीताईंना सांगितलं, चिठ्ठ्या टाका. सगळ्यांसमोर, मुलांसमोर, ताईंनी डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली ती त्यांच्याच मुलीची.

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी करून डब्यात टाकली, म्हणाल्या, ‘नको, लोक काय म्हणतील,’ आणि दुसरी काढली. त्या संध्याकाळी ग्रुपवर हात जोडल्याच्या चिन्हांचा पाऊस पडला. केवढा निःस्वार्थीपणा, केवढा आदर्श. मीही तिथेच उभी होते, म्हणून मला दुसरंही दिसलं. ती सहा वर्षांची मुलगी आईचा दुपट्टा ओढून विचारत होती, ‘पण माझी चिठ्ठी आली होती ना?’

त्या मुलीला उत्तर काय?

ताईंवर टीका करायला मी हे लिहीत नाही. त्यांनी वर्षभर जे काम केलं ते आम्हा कुणाला जमलं नसतं. आणि त्यांची बाजूही आहे. ग्रुपमध्ये कुजबुज झाली असती, हे नक्की. चिठ्ठीत हातचलाखी केली असंही कुणी म्हटलं असतं. त्याचा त्रास पुन्हा मुलीलाच झाला असता. लोकापवादासाठी आपल्या माणसाने किती सोसायचं, हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे; उत्तरकांड वाचताना भक्तांमध्येही त्यावर एकमत होत नाही. आपण रामाला वंदन करतो आणि सीतेसाठी डोळे पुसतो, दोन्ही एकाच बैठकीत.

तरीही मला वाटतं, त्या दिवशी जे झालं ते समत्व नव्हतं. समत्वाची साधी कसोटी अशी: चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या मुलीची निघाली असती तर ताईंनी काय केलं असतं? तिच्या कपाळाला कुंकू लावून तिला पुढे उभं केलं असतं. मग आपल्या मुलीचं तेच करायला हवं होतं. सदतीस मुलांपैकी छत्तिसांना एक नियम आणि सदतिसाव्या मुलीला वेगळा, का? कारण ती ‘माझी’. पक्षपात उलट्या दिशेने झाला म्हणून तो पक्षपात उरत नाही असं थोडंच आहे?

गीता सुरूच होते धृतराष्ट्राच्या एका शब्दाने, ‘मामकाः’. माझे. एका बाजूला माझे आणि दुसऱ्या बाजूला पांडव, जे खरं तर त्याच्याच भावाची मुलं. आपण धृतराष्ट्राला हसतो, कारण त्याने ‘माझे’ म्हणून झुकतं माप दिलं. पण ‘माझी’ म्हणून मुद्दाम तोकडं माप देणाराही त्याच शब्दात अडकलेला असतो. पहिल्याला मुलाच्या मोठेपणातून आपला मोठेपणा हवा असतो, दुसऱ्याला मुलाच्या त्यागातून आपला चांगुलपणा. दोन्ही वेळा मूल साधन झालं. आणि दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यावर टाळ्या मिळतात. ही यादी अमानित्वापासून का सुरू होते, ते मला इथे उमगलं. मान मिळवायची हौस गेली नसेल, तर अनभिष्वंगाचंही प्रदर्शन होतं.

मग करायचं काय? यात अध्यात्म कमी आणि अक्कल जास्त लागते. ज्याचं मूल डब्यात आहे त्याने डब्यात हात घालायचा नाही, एवढंच. यंदा आम्ही चौथीच्या दोन मुलींना बोलावलं, त्यांनी चिठ्ठ्या काढल्या, बाईंनी वाचल्या. ज्याचं नाव निघालं त्याचं निघालं. माझ्या मुलाचं विठ्ठलासाठी होतं, निघालं नाही. तो टाळ वाजवून दमला आणि घरी येऊन साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपला. (माझी मात्र झोप अर्धा तास उशिरा आली. अनभिष्वंग शब्द लिहिणं आणि तो अंगी येणं यांत बरंच अंतर आहे.) खरं विचाराल तर दुसरीच्या दिंडीत विठ्ठल कुणाला करूच नये. पालखीत तसबीर ठेवावी आणि सगळ्यांनी वारकरी व्हावं. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, पाया पडतात. मुलांना तेवढंच शिकवलं तरी पुष्कळ. हे मी बाईंना सांगून बघितलं. फोटोला विठ्ठल-रखुमाई हवेत, असं उत्तर आलं.

चिठ्ठीची गोष्ट सगळ्यांना दिसते. पैशाची दिसत नाही, आणि ‘समचित्तत्व’ हा शब्द मला तिथे जास्त टोचतो.

वर्गणी गोळा करायची एक रूढ पद्धत आहे. ग्रुपवर यादी टाकायची, ज्याने पैसे दिले त्याने आपल्या नावापुढे बरोबरची खूण करून पुन्हा फॉरवर्ड करायची. संध्याकाळपर्यंत बत्तीस नावांपुढे खूण असते आणि पाच नावं उघडी पडलेली असतात. त्या पाचांपैकी तीन निव्वळ विसरलेले. उरलेले दोन विसरलेले नसतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या तरतुदीने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात, त्यांचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत. पण दिंडीच्या नऊवारीचं भाडं, बाईंच्या भेटवस्तूचे दोनशे रुपये, ‘सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घेऊया ना’ ही कुणाची तरी हौस, हे त्या ‘मोफत’मध्ये कुठेच बसत नाही. आणि ती यादी, आपल्याही नकळत, त्या दोन घरांना सदतीस घरांसमोर उभं करते.

प्रतिनिधीला हे कळतं. ही जी माहिती तिच्याकडे येते, तिचं ती काय करते, तीच तिची साधना. मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर. यादी टाकत नाही. वर्गणी ऐच्छिक आहे आणि थेट माझ्याकडे द्यायची, इतकंच लिहिते. कुणी कमी दिले तर विचारत नाही, कुणी जास्त देऊ केले तर घेते आणि त्याचं नाव सांगत नाही. शेवटी एकूण जमा आणि एकूण खर्च, बिलाच्या फोटोसकट, ग्रुपवर टाकते. हिशेब पैशाचा चोख द्यावा, माणसांचा मांडू नये. एका वडिलांनी मला मेसेज केला होता, ‘आम्ही दिले ते दिसायला नको का?’ त्यांचा राग मी समजू शकते. देणाऱ्याला दिसावंसं वाटतं, हे माणसाचंच लक्षण आहे. पण ज्या मुलाच्या आईला ते परवडत नाही, त्याच्या जागी क्षणभर आपलं मूल ठेवून बघा. इथे, बरं का, ‘माझं’ हा शब्द कामाला येतो. आपल्या मुलासाठी जे वाटतं ते खोटं नाहीच. तेच माप दुसऱ्याच्या मुलाला लावता येतं का, एवढाच प्रश्न.

आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यात चोपदार असतात. ज्यांनी मुक्कामाची समाजआरती पाहिली असेल त्यांना माहीत असेल: हजारो टाळ वाजत असतात, चोपदार आपला चोप वर करतात आणि सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. वाजतच राहतात. मग चोपदार तिथपर्यंत जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात, आणि तेव्हा शांतता होते. तिथेच हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणाही होते. मला हे आठवलं की फार धीर येतो. आमच्याही ग्रुपवर रोज काहीतरी हरवतं आणि सापडतं, निळी बाटली, एक मोजा, कंपासपेटी. आणि एखाद्या आईचे टाळ थांबतच नाहीत. ‘माझ्या मुलीला शेवटच्या बाकावर का बसवलं?’ आठ मेसेज. पूर्वी असे मेसेज आले की इतर पालक त्या बाईला गप्प करायला धावत. आता मी आधी फोन करते. बहुतेक वेळा बाकाखाली काही वेगळंच असतं. मुलीला फळा नीट दिसत नाही, चष्मा लागलाय, आणि तिला तो घालायची लाज वाटते. तक्रारीचा आवाज बंद करायचा नसतो, तिच्यापर्यंत चालत जायचं असतं, हे चोपदारांकडून शिकावं. त्यांच्या हातातही चोपाशिवाय काही नसतं.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. मुलांवर प्रेम करू नका, असं श्लोक म्हणतो का? माझ्या वाचनात तसं म्हणत नाही. वर्गात उभी असताना मला सदतीस मुलं आहेत. घरी एकच आहे. त्या छत्तिसांना आपापल्या आया आहेत, याला मीच. त्याला ताप आला असेल त्या दिवशी संमेलनाचे कपडे दुसऱ्या कुणीतरी आणावेत. तेव्हा ‘मी सगळ्या वर्गाची’ म्हणून दुकानात धावणं हे समत्व नव्हे. तो निव्वळ कर्तव्याचा घोटाळा आहे, आणि त्यात पुन्हा ‘माझ्यावाचून अडेल’ हा अहंकार लपलेला असतो. श्लोकाचा दुसरा भाग इष्ट आणि अनिष्ट दोन्हींत चित्त सम ठेवायला सांगतो, चित्त काढून घ्यायला नाही. माझा मुलगा हरला तर मला वाईट वाटेल, वाटावंच. पण वाईट त्याला वाटतंय म्हणून वाटतंय, की बाकीच्या आयांसमोर मला वाटतंय, हे त्या वेळी ओळखता आलं पाहिजे. मला दर वेळी येत नाही. पण शब्द माहीत झाल्यापासून निदान शोधायचं कुठे ते कळतं.

म्हणून रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. उद्या युनिफॉर्म की पीटी ड्रेस, हे सकाळी सातला सांगितलं तरी चालतं.

उद्या श्लोक 10. अनन्य भक्ती, एकांताची आवड, आणि माणसांच्या गर्दीत न रमणं. सगळ्या ग्रुप ॲडमिनांनी आवर्जून वाचावा.

राम कृष्ण हरी!